अर्धवेळ नोकरीचा पूर्ण हिशेब

(मंडळाच्या हैदराबाद येथील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर. अनेक सभासदांनी मागणी केल्यावरून येथे देत आहोत.)



कार्यकारिणीने आम्हाला बोलण्याचे निमंत्रण दिले तेव्हा विषयाची मोकळीक दिली होती. भाषा, शाळा, ग्रंथालय या विषयांवर येथे अधिकारी मंडळी बोलली आहेत आणि पुढेही बोलतील. आम्ही वाणिज्य शाखेचे साधे पदवीधर. बँकेच्या काउंटरमागे बसून दुसऱ्यांच्या जमाखर्चाच्या नोंदी करण्यात आमची वीस-बावीस वर्षे गेली. म्हणून आम्हाला झेपेल असा विषय घेतला आहे. तो म्हणजे अर्धवेळ नोकरी, आणि त्यातही परदेशातल्या मोठमोठ्या गृहसामानाच्या दुकानांतली अर्धवेळ नोकरी.

आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह दिसते आहे. राजकीय आणि सामाजिक प्रश्नांच्या सभेत हार्डवेअरचे दुकान कोठून आले? तर ते आपल्याच घरांतून आले आहे. काचीगुड्यापासून कुकटपल्लीपर्यंत आपल्या जुन्या मराठी कुटुंबांत कोणाचा मुलगा टोरंटोकडे शिकायला आहे, कोणाची बहीण-मेहुणे पन्नाशी ओलांडल्यावर मुलाकडे अमेरिकेत कायमचे गेले आहेत. ही माणसे तिकडे काय करतात असे विचारले, की उत्तर जरा अडखळत येते. "एका मोठ्या दुकानात पार्टटाइम करतो," आणि लगेच पुढे, "पण कोणाला सांगू नका." आपले आजे-पणजे निजामाच्या राज्यात महसूल, वकिली, शिक्षण, रेल्वे अशा पेशांत स्थिरावले. नोकरी म्हणजे नेमणूकपत्र, वेतनश्रेणी आणि पेन्शन, ही आपली पिढीजात समजूत. त्यामुळे रंगाचे डबे हलवण्याच्या कामाची आपल्याला लाज वाटते. आमचे म्हणणे असे, की कामात लाजण्यासारखे काहीही नाही. तपासायच्या असतील तर त्या कामाच्या अटी तपासा.

आधी हे दुकान काय असते ते पाहू. आपल्या सिकंदराबादच्या राणीगंजात पाइप, पंप, नट-बोल्ट, वायर यांची शेकडो दुकाने आहेत. रंग, प्लायवुड, फरशा, नळ, दिवे, बागेतल्या कुंड्या आणि रोपे हे सगळे तेथे आणून एकाच छपराखाली ठेवले, की झाले अमेरिकेतले 'होम इम्प्रूव्हमेंट' दुकान. त्यातले सर्वांत मोठे नाव होम डेपो. बर्नी मार्कस आणि आर्थर ब्लँक या दोघांना आधीच्या कंपनीने कामावरून काढले, त्यांनी १९७८ मध्ये ही कंपनी काढली आणि १९७९ मध्ये अटलांटा शहरात पहिली दुकाने उघडली. आज अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको मिळून तिची २३०० हून अधिक दुकाने आहेत. एकेक दुकान सरासरी एक लाख चौरस फुटांच्या पुढे, शिवाय बागेचा विभाग उघड्यावर वेगळा. एका दुकानात तीस-चाळीस हजार प्रकारचा माल. तिच्या खालोखाल लोज ही नॉर्थ कॅरोलिनातली कंपनी.

तिकडे मजुरी महाग. त्यामुळे घरमालक स्वतःच नळ बसवतो, भिंत रंगवतो, कुंपण ठोकतो. त्याला माल तर हवाच, पण कोणता वॉशर बसेल आणि कोणता रंग टिकेल हे सांगणारे माणूसही हवे. सकाळी सहाच्या सुमारास ठेकेदार लाकूड आणि सिमेंट न्यायला येतात, संध्याकाळी आणि शनिवारी-रविवारी घरमालकांची झुंबड, दुकान मिटल्यावर रात्री ट्रकमधला माल उतरवून फळ्यांवर लावायचा. वसंत ऋतूत बागकामाचा हंगाम, तेव्हा गर्दी सर्वांत जास्त. २०१९ च्या त्या हंगामासाठी एकट्या होम डेपोने ८० हजार माणसे भरायचे जाहीर केले होते. गर्दी अशी भरती-ओहोटीसारखी असली, की मालकाला सगळीच माणसे आठ तास नको असतात. त्याला चार तासांची, सहा तासांची, फक्त शनिवार-रविवारची माणसे हवी असतात. अर्धवेळ नोकरीचा जन्म येथे होतो आणि येथवर त्यात वावगे काही नाही. विद्यार्थ्याला, मुले सांभाळणाऱ्या आईला, निवृत्त माणसाला तेवढेच तास सोयीचे असतात.

आता हिशेब मांडू. अमेरिकेत केंद्र सरकारचे किमान वेतन २००९ पासून तासाला सव्वासात डॉलरवर अडकले आहे. राज्यांचे दर बहुतेक ठिकाणी त्याहून जास्त आहेत. होम डेपोने २०२३ मध्ये सुरुवातीचा दर सगळीकडे किमान पंधरा डॉलर केला. पंधरा डॉलरने आठवड्याला वीस तास धरले तर ३०० डॉलर. त्यातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर मिळून ७.६५ टक्के, म्हणजे सुमारे २३ डॉलर कापले जातात. वर्षाचे ढोबळ उत्पन्न १५,६०० डॉलर. याला आपल्याकडची मंडळी लगेच रुपयांच्या दराने गुणतात आणि हरखून जातात. गुणाकार करू नये. कमाई डॉलरमध्ये असली तरी भाडे, भाजी आणि बसभाडेही डॉलरमध्येच द्यायचे असते.

खरी अडचण दराहून तासांची आहे. वीस तास हे सरासरीचे झाले. पाळीपत्रक दर आठवड्याला बदलते. एका आठवड्यात अठ्ठावीस तास मिळाले तर ४२० डॉलर, पुढच्या आठवड्यात बारा मिळाले तर १८०. घरभाडे मात्र दोन्ही महिन्यांत सारखेच. आमच्या परिचयातल्या एका बाईंनी तिकडच्या एका मोठ्या दुकानात तीन वर्षे रोखपाल म्हणून काम केले. त्या सांगतात, की उद्या किती वाजता जायचे हे कळल्याशिवाय डॉक्टरची वेळ घेता येत नसे आणि दुसरी नोकरीही धरता येत नसे. रात्री अकराला दुकान आवरून सकाळी सहाला पुन्हा हजर, असेही व्हायचे. बँकेत कर्ज मागायला आलेल्या माणसाला आम्ही पहिला प्रश्न विचारतो, की नियमित उत्पन्न किती? अशा माणसाकडे याचे उत्तर नसते. वर्षाची बेरीज चांगली दिसली तरी महिन्याचा भरवसा नसेल तर त्या उत्पन्नावर संसार उभा राहत नाही.

या तासांच्या खेळात तीन आकडे ध्यानात ठेवण्याजोगे आहेत.

पहिला आकडा तीस. अमेरिकेचा १९३८ चा कामगार कायदा आठवड्याला चाळीस तासांपुढे दीडपट मजुरी देतो, पण पूर्णवेळ कोण आणि अर्धवेळ कोण हे तो सांगतच नाही. ते मालकावर सोडले आहे. पुढे २०१० मध्ये ओबामांच्या काळात आरोग्यविम्याचा कायदा झाला. पन्नास किंवा अधिक पूर्णवेळ कामगार असलेल्या मालकाने, सरासरी आठवड्याला तीस तास काम करणाऱ्याला विमा देऊ करावा, नाही तर दंड भरावा, असा त्याचा आशय. ही अट २०१५ आणि २०१६ मध्ये टप्प्याने लागू झाली. परिणाम काय होणार हे सांगायला अर्थशास्त्री नको, किराणा दुकानदारही सांगेल. एकोणतीस तासांवर माणसाला थांबवले की विम्याचा खर्च वाचतो. ज्या देशात एका शस्त्रक्रियेने कुटुंब कर्जात जाते, तेथे एका तासाचे मोल असे आहे.

दुसरा आकडा वीस, आणि तो आपल्या विद्यार्थ्यांसाठी. अमेरिकेत एफ-वन व्हिसावर गेलेल्या मुलाला शिक्षणसत्र चालू असताना आठवड्याला वीस तासच काम करता येते आणि तेही विद्यापीठाच्या आवारात. बाहेरच्या हार्डवेअरच्या दुकानात त्याला स्वतंत्र परवानगीशिवाय उभे राहता येत नाही. शिक्षणानंतर मिळणारी कामाची मुदत असते तीही अभ्यासविषयाशी निगडित कामासाठीच असते. संगणकशास्त्राच्या पदवीधराने रंग मिसळला तर ते त्यात बसत नाही. "सगळेच करतात" असे सांगणारा मित्र व्हिसा गेल्यावर विमानाचे तिकीट काढून देत नाही. कॅनडात नियम वेगळा. तेथे आवाराबाहेर काम चालते आणि नोव्हेंबर २०२४ पासून सत्र चालू असताना मर्यादा आठवड्याला चोवीस तासांची आहे. होम डेपोची तेथे १८० च्या वर दुकाने आहेत. मुलाला पाठवण्याआधी पालकांनी हा फरक पाठ करावा. आणि मुलाच्या अर्धवेळ कमाईतून फी निघेल असे धरून शैक्षणिक कर्ज काढू नये. चोवीस तासांच्या मजुरीतून फार तर भाडे आणि जेवण निघते.

तिसरा आकडा चाळीस, आणि तो आपल्या ज्येष्ठांसाठी. मुलाकडे ग्रीन कार्डावर गेलेले पंचावन्न वर्षांचे गृहस्थ दुकानात का उभे राहतात, याचे नातेवाइकांना कोडे पडते. मुलगा तर चांगला कमावतो! कारण असे, की तिकडे निवृत्तिवेतनासाठी कामाचे चाळीस गुण जमवावे लागतात, वर्षाला जास्तीत जास्त चार. म्हणजे किमान दहा वर्षे. २०२५ मध्ये एका गुणासाठी १८१० डॉलर कमाई पुरे होती, चार गुणांसाठी ७२४० डॉलर. आपण मघाशी काढलेले १५,६०० डॉलर त्याच्या दुप्पट होतात. म्हणजे आठवड्याला वीस तास दहा वर्षे उभे राहिले, की पासष्टाव्या वर्षी लहानसे का होईना पेन्शन आणि इस्पितळाचा सरकारी विमा हप्त्याशिवाय मिळतो. भारतात केलेली तीस वर्षांची नोकरी त्यात धरली जात नाही, कारण भारत आणि अमेरिका यांच्यात तसा करार झालेला नाही. तेव्हा त्या गृहस्थांकडे कीव करून पाहू नका. म्हातारपणी इस्पितळाच्या बिलासाठी मुलापुढे हात पसरावा लागू नये, म्हणून ते उभे आहेत. आम्हाला तरी यात स्वाभिमान दिसतो.

आता मालकाच्या बाजूने पाहू, कारण हिशेबाला दोन बाजू असतात. डिसेंबर २००० मध्ये रॉबर्ट नार्डेली हे जनरल इलेक्ट्रिकमधून होम डेपोच्या प्रमुखपदी आले. खर्च कमी करायचा म्हणून त्यांच्या काळात अर्धवेळ माणसांचे प्रमाण वाढवण्यात आले आणि नळकाम, सुतारकाम जाणणारी जुनी अनुभवी माणसे कमी होत गेली. ताळेबंद सुधारला. पण फरशी निवडायला आलेल्या गिऱ्हाइकाला उत्तर द्यायला कोणी सापडेना. २००५ च्या अमेरिकी ग्राहक-समाधान पाहणीत हे दुकान मोठ्या किरकोळ विक्रेत्यांत तळाला गेले. जानेवारी २००७ मध्ये नार्डेली गेले, आणि जाताना सुमारे २१ कोटी डॉलरची रक्कम घेऊन गेले. त्यांच्यामागून आलेल्या फ्रँक ब्लेक यांना दुकानातल्या माणसांकडे पुन्हा लक्ष द्यावे लागले. तात्पर्य, अनुभवी माणूस हा ताळेबंदात खर्चाच्या बाजूला दिसतो, पण दुकानाची पत त्याच्यामुळे असते. हे आमच्या बँकांच्या वरिष्ठांनाही कोणी तरी सांगायला हवे.

मग उपाय काय निघाले? संघटनेचा मार्ग अवघड ठरला. नोव्हेंबर २०२२ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका होम डेपो दुकानात संघटनेसाठी मतदान झाले. बाजूने ५१, विरोधात १६५. म्हणजे कामगारांनीच नाकारली. अर्धवेळ माणूस टिकत नाही, शेजाऱ्याला ओळखत नाही, आणि तास कमी होतील या भीतीत असतो. तेथे संघटना उभी करणे कठीण. कायद्याचा मार्ग मात्र काही ठिकाणी चालला. सिॲटल शहराने जुलै २०१७ पासून मोठ्या दुकानांना पाळीपत्रक चौदा दिवस आधी देण्याची सक्ती केली, दोन पाळ्यांत दहा तासांची विश्रांती ठेवली, आणि नवा माणूस भरण्याआधी जादा तास आपल्याच अर्धवेळ माणसाला देऊ करा असे बजावले. ओरेगॉन राज्याने २०१८ पासून असाच कायदा आणला, तोही पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या मालकांसाठी. लक्षात घ्या, या कायद्यांनी अर्धवेळ काम बंद केले नाही. अनिश्चिततेची किंमत एकट्या कामगाराने मोजायची नाही, एवढेच ठरवले.

बंधुभगिनींनो, हे सगळे अमेरिकेचे पुराण आम्ही आपल्या घरासाठीच सांगितले. आमच्या बँकिंग क्षेत्रात अर्धवेळ माणसाला न्याय देणारा एक नियम फार पूर्वीपासून आहे. बाहेर तो फारसा कोणाला ठाऊक नाही. बँकेत झाडलोट करणाऱ्या अर्धवेळ कर्मचाऱ्याला द्विपक्षीय करारांनुसार तासांच्या प्रमाणात वेतनश्रेणी मिळते. आठवड्याला सहा तासांच्या वर तेरापर्यंत काम असेल तर श्रेणीचा एकतृतीयांश, तेरा ते एकोणीस तासांना निम्मा, एकोणीस ते एकोणतीस तासांना पाऊण, आणि एकोणतीसच्या वर गेले की पूर्ण वेतन. महागाई भत्ताही त्याच प्रमाणात. तिकडच्या आरोग्यविम्यासाठी रेघ तीस तासांची, आणि आमच्याकडे पूर्ण पगारासाठी एकोणतीसची! फरक असा, की तिकडे रेघेच्या अलीकडे विम्याचा हक्क शून्य, आणि आपल्याकडे रेघेच्या अलीकडेही पाऊण, अर्धा, तिसरा हिस्सा. अर्धा वेळ म्हणजे अर्धा हक्क. अर्ध्या वेळेचा माणूस बिनहक्काचा, असे त्यात कोठेही नाही. हा नियम कोणी दयेने दिला नाही, बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी तो वाटाघाटींतून मिळवला.

आणि आज त्याचे काय झाले? नियम कागदावर शाबूत आहे, पण अनेक शाखांत तो लागू होईल असा माणूसच उरला नाही. झाडलोट कंत्राटदाराकडे गेली. तोच झाडू आणि तीच फरशी, पण नाव हजेरीपटावर नाही. नियम मोडावा न लागता निकालात काढता येतो तो असा.

आपल्या शहरातही मोठी दुकाने आली आहेत. भारतातले पहिले आयकिया ऑगस्ट २०१८ मध्ये येथेच, हायटेक सिटीत उघडले. मॉल, गोदामे, घरपोच माल देणाऱ्या कंपन्या वाढत आहेत. आपली मुले शिकता शिकता तेथे कामाला लागतील आणि लागावीत. राणीगंजातला पोऱ्याही दहा-बारा वर्षांत दुकानाचा जाणकार होत असे, नव्या दुकानांतही माणसाला तसे वाढता आले पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांवर मतभेद आहेत आणि असावेत. पण त्यात नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे. दिवसावर किमान वेतन ठरलेला कामगार हजर असून मालकाने त्याला पूर्ण तास काम दिले नाही, तर पूर्ण दिवसाची मजुरी देण्याचे तत्त्व १९४८ च्या किमान वेतन कायद्यात होते, ते वेतन संहितेतही आहे. भविष्य निर्वाह निधीला तासांची अट नाही. वीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत पंधरा हजारांपर्यंत पगार असलेल्या अर्धवेळ माणसालाही तो लागू होतो. "तू पार्टटाइम आहेस, तुला पीएफ नाही," असे कोणी सांगितले तर ते ऐकून गप्प बसायचे नाही. मात्र सिॲटलसारखी, पाळीपत्रक चौदा दिवस आधी देण्याची स्पष्ट सक्ती आपल्याकडे नाही. ती मागावी लागेल.

म्हणून मंडळापुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. एक, मंडळाने मराठीत एक पानी पत्रक काढावे. त्यात नेमणूकपत्र, पीएफ, राज्य विमा आणि किमान वेतन यांची माहिती असावी, आणि परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी तासांचे नियम असावेत. नियम बदलतात, तेव्हा ते दरवर्षी तपासून छापावे. आकडे जुळवण्याचे काम आम्ही आनंदाने करू. दोन, मते मागायला जो उमेदवार आपल्या वस्तीत येईल, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, त्याला विचारावे, की मोठ्या दुकानांतल्या माणसाला पाळीपत्रक चौदा दिवस आधी आणि जादा तासांवर पहिला हक्क मिळावा यासाठी तुम्ही विधानसभेत काय करणार? आपण संख्येने थोडे आहोत, हे खरे. पण हा प्रश्न तेलुगू, उर्दू, मराठी सगळ्यांच्या मुलांचा आहे. येथे आपण एकटे नाही. तीन, आणि हे घरातले, की अर्धवेळ काम करणाऱ्याबद्दल "कोणाला सांगू नका" हे वाक्य आपण बंद करावे. लपवलेल्या कामातली फसवणूकही लपून राहते. मुलाला दुकानात किती दिवस उभा राहणार असे विचारण्याऐवजी नेमणूकपत्र दाखव, तास किती मिळाले, कापले काय, असे विचारावे. त्याला आधार वाटेल आणि आपल्याला खरी परिस्थिती कळेल.

शेजारच्या दालनात चहा तयार आहे असे कार्यवाहांनी खुणेने सांगितले आहे. चहाच्या वेळी ज्यांना मुलाच्या कर्जाचा किंवा पीएफचा प्रश्न विचारायचा असेल त्यांनी निःसंकोच विचारावा, आम्ही शेवटपर्यंत थांबणार आहोत.

जय हिंद!